परदेशी माहितीपट मराठीत वाचू द्या: फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांची चित्रपट मंडळं आणि माहितीपट दाखवणारी ग्रंथालयं यांच्या चालकांस,

स.न.वि.वि.

पुढच्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका ठरवायला तुम्ही लवकरच बसाल. युक्रेन, पॅलेस्टाईन, चिले, इंडोनेशिया अशा ठिकाणचे माहितीपट यादीत येतील आणि नेहमीप्रमाणे इंग्रजी सबटायटल्सवर दाखवले जातील. आमचं मागणं एवढंच: वर्षाला बारा परदेशी माहितीपट इंग्रजीच्या आधाराने दाखवण्याऐवजी चारच दाखवा, पण मराठी सबटायटल्ससह दाखवा.

कथापट थोडाफार नजरेने कळतो. कोण कुणावर चिडलंय, कोण पळतंय, कोण प्रेमात पडलंय हे भाषा न कळताही उमगतं. माहितीपटाचं तसं नाही, तिथे माणूस कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो आणि तेच बोलणं पुरावा असतं. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’ (१९८५) साधारण साडेनऊ तासांचा आहे आणि त्यात जुनं चित्रण अजिबात नाही. वाचलेली माणसं, पाहणारी माणसं आणि मारणारी माणसं काय सांगतात, एवढ्यावर तो उभा आहे. असा माहितीपट ज्याला सबटायटल नीट वाचता येत नाही त्याच्यासमोर लावणं म्हणजे त्याला साडेनऊ तास चेहरे आणि आगगाड्या दाखवणं.

‘आमच्या प्रेक्षकाला इंग्रजी येतं’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या सभागृहापुरतं ते खरंही असेल. पण इंग्रजी येणं वेगळं आणि दोन ओळींचं इंग्रजी चार सेकंदांत वाचून उरलेल्या वेळात चेहरा पाहणं वेगळं. शिवाय इंग्रजी सबटायटल हेच मुळात भाषांतर आहे आणि त्यात काही गोष्टी गळलेल्या असतात. त्यातल्या कित्येक मराठीत परत आणता येतात, आणि आमच्या मते या कामाचं खरं कारण तेच आहे.

जोशुआ ओपेनहायमर यांचा ‘द लुक ऑफ सायलेन्स’ (२०१४) घ्या. इंडोनेशियात १९६५-६६ साली झालेल्या हत्याकांडात भाऊ गमावलेला, चष्म्याचे नंबर तपासणारा एक माणूस त्या वेळच्या मारेकऱ्यांना भेटतो, त्यांचे डोळे तपासतो आणि तपासता तपासता प्रश्न विचारतो. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही बाजूंना एकच ‘यू’ असतो. इंडोनेशियन भाषेत वडीलधाऱ्याशी बोलण्याची रीत वेगळी आहे, आपल्याकडे तू आणि तुम्ही वेगळे आहेत तशीच. मराठीत त्या माणसाच्या तोंडी ‘तू माझ्या भावाला मारलंस’ घालायचं की ‘तुम्ही मारलंत’, यावर त्या प्रसंगाचा सगळा ताण ठरतो. दुसरं म्हणजे ‘वुई’. इंडोनेशियनमध्ये ऐकणाऱ्याला वगळून ‘कामी’ आणि ऐकणाऱ्यासकट ‘किता’ असे दोन शब्द आहेत, म्हणजे आपले आम्ही आणि आपण. बोलण्यात त्यांची सरमिसळ होते, पण फरक असतोच. मारेकरी ‘आम्ही’ म्हणतो आहे की समोरच्यालाही ओढून ‘आपण’ म्हणतो आहे, हे इंग्रजी फाइल कधीच सांगणार नाही. ते मूळ आवाज ऐकून ठरवावं लागतं.

म्हणून नियम असा ठेवा: भाषांतर इंग्रजीवरून करा, पण मूळ भाषा जाणणाऱ्या एका माणसाकडून तपासून घ्या. त्याला अख्खं भाषांतर वाचायला देऊ नका. भाषांतर करताना अडलेल्या जागांची वेळेसह यादी करा आणि ‘इथे तू की तुम्ही? आम्ही की आपण? बोलणारी बाई की बाप्या?’ एवढंच विचारा. मराठीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांत फरक पडतो. आवाज चौकटीबाहेरून आला तर इंग्रजी फाइल त्याचा पत्ता देत नाही. असं तपासणं एका दिवसात उरकतं. तपासणारा विद्यापीठांच्या परदेशी भाषा विभागांत मिळतो, मात्र शोधण्याआधी माहितीपट नेमका कोणत्या भाषेत आहे ते बघा. ‘हनीलँड’ (२०१९) उत्तर मॅसेडोनियाचा आहे, पण त्यातली मधमाश्या पाळणारी बाई तुर्की बोलते. देशाच्या नावावर गेलात तर भलत्याच भाषेचा जाणकार बोलावून बसाल.

आता काम क्रमाने.

प्रदर्शनाची परवानगी मागणाऱ्या पहिल्याच पत्रात चार गोष्टी मागा. सबटायटल चित्रात कोरलेली नाहीत अशी स्वच्छ प्रत, वेळांसह असलेली इंग्रजी सबटायटल फाइल, संवादांची यादी (यात बोलणाऱ्याचं नाव आणि पडद्यावर दिसणाऱ्या पाट्यांचा मजकूरही असतो), आणि मराठी सबटायटल करायची लेखी परवानगी. चौथी गोष्ट बरेच जण विसरतात. दाखवायची परवानगी मिळाली म्हणजे भाषांतराची मिळाली असं होत नाही, तो हक्क प्रताधिकार कायद्यात वेगळा आहे. बहुतेक निर्माते आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांना एक भाषा फुकट मिळत असते. तयार फाइल त्यांना परत पाठवायचं कबूल करा. सेन्सॉर प्रमाणपत्राचा किंवा महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळणाऱ्या सवलतीचा प्रश्न याने सुटत नाही. ती खटपट जशी करता तशी करावीच लागेल.

स्वच्छ प्रत मिळालीच नाही आणि इंग्रजी ओळी चित्रात कोरलेल्याच असल्या, तर मराठी ओळी त्यांच्यावर काळी पट्टी मारून बसवू नका. ते ओंगळ दिसतं आणि पट्टीखाली चित्रही जातं. त्यापेक्षा चित्र ८५-९० टक्क्यांवर आणून वर सरकवा आणि खाली मोकळ्या झालेल्या काळ्या जागेत मराठी ओळी ठेवा. चित्र थोडं लहान होतं, पण पूर्ण दिसतं.

फाइल हातात आली की भाषांतराला हात घालण्याआधी ती तुमच्या प्रतीशी जुळते का ते पाहा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागा तपासा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर सुरुवातीच्या बोधचिन्हांची लांबी वेगळी आहे, सगळी फाइल तेवढे सेकंद सरकवली की झालं. फरक वाढत जात असेल तर दोष फ्रेमच्या वेगाचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा आहे. फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या प्रतीवरून केलेली आणि तुमची प्रत २५ ची, असं असेल तर दहाव्या मिनिटाला सबटायटल सुमारे २५ सेकंद मागे पडतं आणि दीड तासाच्या अखेरीस साडेतीन मिनिटांहून जास्त. इथे सरकवासरकव करून उपयोग नाही, सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग बदलून सगळ्या वेळा नव्याने काढाव्या लागतात. ‘सबटायटल एडिट’ आणि ‘एजिसब’ या दोन्ही मोफत प्रोग्रॅममध्ये हे होतं. हा दोष भाषांतरानंतर लक्षात आला तरी दुरुस्त होतो, पण तोवर भाषांतर करणारा चुकीच्या चेहऱ्याकडे बघून वाक्यं लिहीत बसलेला असतो.

टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. आपल्याकडे छपाईची सवय असलेले टायपिस्ट अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर काम करतात. तशी फाइल प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये लिहून साठवताना ‘यूटीएफ-८’ निवडलं नाही तर प्रश्नचिन्हं दिसतात. फाँट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्या, दोन्ही मोफत आहेत. मध्यम किंवा ठळक वजन, पांढरं अक्षर, बारीक काळी कड. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा ‘र’, ‘ॲ’, ‘ळ’ आणि ‘क्ष्म्य’सारखं जोडाक्षर असलेली एक चाचणी-ओळ प्रत्यक्ष खेळाच्या लॅपटॉपवर लावून बघा. जोडाक्षरं सुटी पडून पाय मोडलेली दिसली तर प्लेअरला देवनागरी मांडता येत नाही असं समजा. प्लेअर नवा घ्या, नाहीतर मराठी ओळी चित्रात कोरून वेगळी प्रत काढा. चित्रपटगृहातल्या सर्व्हरवर दाखवायचं असेल तर मराठी ओळी अक्षररूपात न देता चित्ररूपात द्या, सर्व्हर देवनागरी कशी मांडेल याचा भरवसा नसतो. तिरपी अक्षरं इंग्रजीत शोभतात, देवनागरीत ती केविलवाणी दिसतात. टाळा.

ओळीत किती मावतं यावर सॉफ्टवेअरचं ऐकू नका. ते अक्षरं मोजत नाही, संगणकातली चिन्हं मोजतं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर, सॉफ्टवेअरला सहा. त्यामुळे इंग्रजीच्या मर्यादा लावून ठेवल्या की अर्धी फाइल लाल होते आणि नवखा भाषांतरकार घाबरून वाक्यं कापत सुटतो. आमचा हिशेब अक्षरांचा आहे: एका ओळीत २४-२६ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, वाचायचा वेग सेकंदाला आठ-नऊ अक्षरं. पूर्ण भरलेल्या दोन ओळींना सहा सेकंद लागतात. सेकंदापेक्षा कमी काळ काही ठेवू नका. दोन ओळींत अंतर नेहमीपेक्षा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

यापुढचा भाग सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हाच. इंग्रजी फाइलमध्ये एक वाक्य दोन सबटायटलांत तुटलेलं असतं. पहिल्यात ‘मी कुणालाच सांगितलं नाही’ आणि दुसऱ्यात ‘माझ्या भावाने ते केलं’ असा ऐवज असतो. मराठीची सवय नकार शेवटी ठेवण्याची. भाषांतरकार सरळ वळणाने लिहितो: पहिल्या सबटायटलात ‘माझ्या भावाने ते केलं असं’ आणि दुसऱ्यात ‘मी कुणालाच सांगितलं नाही’. वाक्य शुद्ध आहे, पण परिणाम उलटा झाला. बोलणाऱ्या बाईच्या तोंडून भावाचं नाव निघण्याआधीच प्रेक्षकाने ते वाचलं. ती बोलताना जिथे अडखळते, तिथे पडद्यावर काही नवं उरलेलंच नाही. ‘मी कुणालाच सांगितलं नाही’ मग ‘की माझ्या भावाने ते केलं’ असं लिहिलं की क्रम राखला जातो आणि मराठीही बिघडत नाही. क्रम राखणं अशक्यच असेल तर दोन सबटायटलं एकत्र करा. ‘मारलं’ एका सबटायटलात आणि ‘नाही’ पुढच्यात, हे मात्र कधीही नको. साक्ष देणाऱ्या माणसाला दोन सेकंदांपुरता का होईना, गुन्हा कबूल करायला लावण्यासारखं आहे ते.

बोली कोणती वापरायची यावर तुमच्याकडे वाद होतील. परदेशातल्या शेतकऱ्याला ‘म्या काय सांगू’ बोलायला लावायचं नाही. बाल्कनमधली बाई साताऱ्याची वाटू लागली की प्रेक्षक हसतो, आणि ते तिचं हसं असतं. उलट सगळ्यांना वर्तमानपत्री मराठीही नको. साधी, बोलती मराठी, छोटी क्रियापदं. अधिकारी, न्यायाधीश, सरकारी निवेदक यांची भाषा मात्र मुद्दाम कडक ठेवा, तिथे ‘कारवाई करण्यात आली’ हेच शोभतं.

एकाच माहितीपटात दोन-तीन भाषा असतात तेव्हा कोण कोणत्या भाषेत बोलतोय हीच बातमी असते. ‘नो अदर लँड’ (२०२४) मध्ये वेस्ट बँकच्या दक्षिणेकडच्या मसाफेर यत्ता भागातले गावकरी अरबी बोलतात, सैनिक हिब्रू बोलतात, आणि गावात येणारा इस्रायली पत्रकार गावकऱ्यांशी अरबीत बोलतो. सगळं एकाच पांढऱ्या रंगात उतरवलं तर ज्याला दोन्ही भाषांचा कान नाही त्याला हे कळणारच नाही. अरबी पांढऱ्यात, हिब्रू फिक्या पिवळ्यात, आणि सुरुवातीला दहा सेकंदांची एक सूचना, बस्स. ‘शोआ’मध्ये वेगळाच पेच आहे. लान्झमान फ्रेंचमध्ये विचारतात, दुभाषी ते पोलिशमध्ये सांगते, साक्षीदार पोलिशमध्ये उत्तर देतो, मग दुभाषी ते फ्रेंचमध्ये सांगते. सबटायटल साक्षीदार बोलताना द्यायचं की दुभाषी बोलताना? आमचं मत दुभाषीच्या वेळी. तोवर प्रेक्षकाने साक्षीदाराचा चेहरा बघावा, न कळणारा आवाज ऐकावा. लान्झमान यांनी हा वेळ कापला नाही, तो आपणही भरून काढू नये.

बोलणाऱ्याच्या नाव-हुद्द्याची पट्टी नेमकी पडद्याच्या तळाशी येते आणि आपलं सबटायटल तिच्यावर बसतं. तेवढ्या वेळेपुरतं सबटायटल वर उचला. हुद्दा भाषांतरित करा, नाव देवनागरीत लिहा, आणि नाव इंग्रजी स्पेलिंगवरून न लिहिता ऐकून लिहा. घोषणांचं यमक जुळवत बसू नका, अर्थ द्या. गाणं मात्र शब्द महत्त्वाचे असतील तरच. शाहिरीचे शब्द इंग्रजी ओळीत उतरताना काय सांडतं हे ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

यंत्राच्या भाषांतराबद्दल विचारणा होणारच. कच्चा खर्डा म्हणूनही आम्ही त्याची शिफारस करत नाही. सबटायटल फाइल तुकड्यांत असते आणि यंत्र तुकड्यालाच वाक्य समजतं. ‘स्ट्राइक’ एका ओळीत संप होतो, पुढच्या ओळीत हवाई हल्ला. तीच बाई पाच मिनिटांत दोनदा पुरुष होते. एकच माणूस एकाला आलटून पालटून तू आणि आपण म्हणतो. हे सगळं निस्तरायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात माणसाकडून सरळ भाषांतर होतं. आणि सगळ्यात वाईट चुका त्या असतात ज्या वाचताना बरोबर वाटतात.

हिशेब असा. नव्वद मिनिटांच्या बोलक्या माहितीपटात साधारण हजार ते चौदाशे सबटायटलं असतात. सराव असलेला माणूस दिवसाला सव्वाशे-दीडशे नीट करतो. म्हणजे आठ ते अकरा दिवस, वर वेळा जुळवायला दोन, मूळ भाषेची तपासणी एक, आणि सभागृहातली चाचणी अर्धा दिवस. या दिवसांचे पैसे द्या. ‘विद्यार्थ्यांकडून करून घेऊ, त्यांनाही अनुभव’ ही काटकसर माहितीपटाच्या जिवावर उठते. विद्यार्थी जरूर घ्या, पण अनुभवी माणसाच्या हाताखाली आणि मोबदला देऊन. पैसे कुठून आणायचे, याला आमचं उत्तर थोडं उद्धट आहे: फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि उद्घाटनाचा चहा एका हंगामापुरता बंद ठेवून बघा.

सभागृहातल्या चाचणीला मात्र फाटा देऊ नका. ग्रंथालयांच्या आणि शाळांच्या सपाट जमिनीच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेल्यांची डोकी जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर असतात. पडद्याची खालची कड साडेचार फुटांच्या खाली असेल तर तिसऱ्या रांगेपासून मागे सबटायटल अर्धं दिसतं. पडदा वर जात नसेल तर सगळी सबटायटलं पडद्याच्या वरच्या भागात घ्या. चित्रपटगृहात हे खटकेल, सपाट हॉलमध्ये हेच सोयीचं. दहा फुटी पडद्याला आणि पूर्ण अंधार न होणाऱ्या हॉलला तीन ते साडेतीन हजार ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर लागतो. त्याहून कमी असेल तर बर्फावरचं किंवा वाळवंटातलं दृश्य आलं की पांढरी अक्षरं विरघळतात, म्हणून ती काळी कड. चाचणीला चष्मा लावणाऱ्या एखाद्या सत्तरीच्या सभासदाला शेवटच्या रांगेत बसवा आणि त्यांच्याकडून पाच मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. ते जिथे अडतील ती सबटायटलं लांबलचक आहेत किंवा लवकर जातात.

एक काम एकेकट्या सोसायटीचं नाही. आज एका शहरात मराठी सबटायटल झालं तरी शेजारच्या शहराला त्याचा पत्ता नसतो आणि फाइल कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर हरवते. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ पासून आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून. एवढा जुना संसार असताना मराठी सबटायटल फाइलींची एक सामाईक नोंद ठेवणं कठीण नाही. नोंदीत माहितीपटाचं नाव, प्रतीचा फ्रेमचा वेग आणि एकूण लांबी, भाषांतर करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव, आणि हक्कधारकाची परवानगी नेमकी कुठवर आहे (एका खेळापुरती, राज्यापुरती की कायमची) एवढं असावं. फाइल मागणाऱ्या सोसायटीने हक्कधारकाला स्वतः लिहायचं, परवानगी आली की फाइल मिळेल. फेडरेशनने ही जबाबदारी घ्यावी. ती घेईपर्यंत कोणत्याही एका सोसायटीने वहीत सुरुवात केली तरी चालेल.

चार माहितीपट निवडताना पहिला कमी बोलणारा घ्या, म्हणजे पाच-सहाशे सबटायटलांत हात बसेल. ‘शोआ’ने सुरुवात करू नका. परवानगीच्या पत्रांना उत्तर यायला कित्येकदा दीड-दोन महिने जातात, तेव्हा डिसेंबरातल्या खेळाचं पत्र ऑगस्टमध्येच टाका.

आपले,
माहितीपटांची सबटायटलं करणारे आणि ते पडद्यावर लावणारे काही जण